‘कळलं का?’ सोडा, ‘कशावरून?’ विचारा: गोष्ट वाचून दाखवता दाखवता आकलन कसं शिकवायचं

गोष्ट वाचून संपली, पुस्तक मिटलं की आपल्या तोंडात पहिला प्रश्न येतो, कळलं का रे सगळ्यांना? आणि अख्खा वर्ग एका सुरात म्हणतो, होऽऽ बाई. मी कोल्हापूरच्या करवीर तालुक्यात तिसरी-चौथीला शिकवते, आणि हा होकार कितीतरी वर्षं खरा धरून पुढं जात होते. मग एकदा चाचणीत एका उताऱ्याखाली ‘शेतकरी का हसला असेल?’ असा प्रश्न आला. उत्तर उताऱ्यात सरळ लिहिलेलं नव्हतं, दोन ठिकाणच्या गोष्टी जोडून काढायचं होतं. जी मुलं घडाघडा वाचतात त्यांनीसुद्धा शेतकरी हा शब्द असलेलं एक वाक्य शोधून जसंच्या तसं उतरवून ठेवलं होतं. त्यांना वाचता येत होतं, पण वाचताना डोक्यात काय चालायला पाहिजे ते त्यांना कुणी दाखवलंच नव्हतं, म्हणजे मीच दाखवलं नव्हतं.

हे फक्त आपल्याकडंच होतं असं नाही. अमेरिकेत डोलोरेस डर्किन यांनी १९७८-७९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात चौथीच्या वर्गात बसून वाचनाच्या तासाची मिनिटं मोजली होती. जवळजवळ साडेचार हजार मिनिटांत आकलन प्रत्यक्ष शिकवण्यात गेली फक्त २० मिनिटं, आणि प्रश्न विचारून तपासण्यात, स्वाध्याय सोडवून घेण्यात त्याच्या कितीतरी पट. तपासणं आणि शिकवणं यात फरक आहे हे मला ते वाचल्यावर पहिल्यांदा नीट उमगलं. आपण प्रश्न विचारतो तेव्हा बहुतेक वेळा नुसतं मोजत असतो.

आता यासाठी मोठ्यानं वाचून दाखवणंच का? कारण चौथीतल्या पोराला ऐकून जे कळतं ते त्याला स्वतः वाचून कळतं त्यापेक्षा बरंच पुढचं असतं. गफ आणि टनमर या दोघांनी १९८६ साली वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं, अक्षरं उलगडता येणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नाही, गुणाकार, म्हणजे दोन्हीतलं एक शून्य असेल तर उत्तर शून्य. माझ्या वर्गात दरवर्षी चार-पाच मुलं अशी असतात जी जोडाक्षरापाशी अडतात पण डोकं तल्लख असतं, आणि अक्षर नीट येईपर्यंत त्यांना विचार करायचं काम मिळतच नाही. मी वाचते तेव्हा अक्षरांचं ओझं माझ्याकडं येतं आणि विचार करायला सगळे मोकळे. (म्हणून अक्षरओळखीचा सराव बंद करायचा असं अजिबात नाही, तो वेगळ्या तासाला रोज झालाच पाहिजे, गुणाकारातला तो अर्धा भाग आहे.)

गोष्ट कशी निवडायची

इथं घाई करू नका, अर्धं काम इथंच होतं. गोष्ट मुलांच्या स्वतःच्या वाचनापेक्षा थोडी वरची पाहिजे पण जगणं ओळखीचं पाहिजे. आणि महत्त्वाचं म्हणजे तिच्यात काहीतरी न सांगितलेलं पाहिजे. सगळं सांगून टाकणारी, शेवटी तात्पर्य लिहिलेली गोष्ट या कामाला उपयोगाची नाही, कारण विचार करायला जागाच उरत नाही. लांबी सात-आठ मिनिटांत वाचून होईल एवढीच. बालभारतीचं किशोर मासिक १९७१ पासून निघतंय, जुने अंक नेटवर फुकट वाचता येतात, त्यात भरपूर मिळतं. नाहीतर स्वतः लिहा, खरंच अवघड नाही. खाली माझ्याच वहीतली एक देते, ती तुमच्या वर्गात खुशाल वापरा, पुढचं सगळं तिच्यावरच समजावून सांगते.

‘रात्रभर पाऊस थांबला नव्हता. सकाळी गौरीनं दार उघडलं. अंगण दिसेना. तुळशीवृंदावनाचा नुसता वरचा कट्टा पाण्याबाहेर होता.

आई आणि आजीनं गोठ्यातून चंद्रीला सोडून आणलं. ओट्याच्या पायऱ्या ती चढेना. आजीनं पाठीवर हात ठेवला, तशी चढली.

दुपारी बोट आली. “माणसं तेवढी घेणार,” बोटीतला माणूस म्हणाला. “सामान नको, जनावर नको.” आई बाळाला घेऊन बसली. गौरी बसली. आजीनं पदर खोचला आणि ओट्यावरच उभी राहिली. “तुम्ही व्हा फुडं. माझं गुडघं दुखत्यात, मला बोटीत चढाय यायचं न्हाई.”

आई काही बोलली नाही. ती परत उतरली, माळ्यावरची वैरणीची एक पेंडी काढून तिनं आजीजवळ ठेवली, आणि भाकरीची टोपली. मग बोट गेली.

पाचव्या दिवशी पाणी उतरलं. गौरी पळत घरी आली. ओट्याच्या भिंतीवर वीतभर उंचीला चिखलाची रेघ होती. चंद्री रवंथ करत उभी होती. आजी भिंतीला टेकून बसली होती. टोपली रिकामी होती.

“एवढ्या सगळ्या भाकरी तू एकटीनं खाल्लीस?” गौरीनं विचारलं.

आजी नुसती हसली.’

एक सांभाळायची गोष्ट आधीच सांगते. आपल्या भागात २०१९ आणि २०२१ चा पूर घराघरात होऊन गेलाय, करवीर-शिरोळच्या कितीतरी घरांत भिंतीवर ती रेघ खरोखरच होती. मोठ्यांच्या बोलण्यातून मुलांपर्यंत ते आलेलं असतं. वर्गात कुणाच्या घरी मोठं नुकसान झालंय, कुणाची जनावरं वाहून गेलीत ते आधी माहीत करून घ्या आणि त्या पोराला सगळ्यांसमोर बोलायला लावू नका. त्याला आपणहून बोलावंसं वाटलं तर मात्र गोष्ट बाजूला ठेवून त्याचं ऐका, त्या दिवशी आकलनाचा तास नाही झाला तरी चालतो.

वर्गात जायच्या आधी

घरी स्वतः दोनदा वाचा, एकदा तरी मोठ्यानं. मग पेन्सिलीनं थांबे ठरवा. एवढ्या गोष्टीला तीन, फार तर चार. एसटीसारखं गाव तिथं थांबा केलं की गोष्ट पोचतच नाही, मुलं वैतागतात आणि रस जातो. प्रत्येक थांब्याला छोट्या चिठ्ठीवर तुम्ही नेमकं काय बोलणार ते वाक्य लिहून पानावर चिकटवा. ऐनवेळी सुचेल म्हणून सोडलं की तोंडातून परत ‘कळलं का’च येतं, हे अनुभवानं सांगते.

या गोष्टीतले माझे थांबे असे: वृंदावनाच्या कट्ट्यापाशी पहिला, आजीच्या गुडघ्यांच्या वाक्यावर दुसरा, बोट गेल्यावर तिसरा, आणि रिकाम्या टोपलीनंतर शेवटचा.

आणि एका आठवड्याला एकच युक्ती. अंदाज, चित्र, प्रश्न, दडलेला अर्थ, सारांश हे सगळं एकाच तासात कोंबलं की मुलांच्या हातात काहीच राहत नाही. या गोष्टीला मी दडलेला अर्थ घेते. वर्गात मी त्याला ‘न लिहिलेलं वाचणं’ म्हणते, मुलांना ते लगेच कळतं.

अवघड शब्दांचं काय, तर दोन-तीनच निवडा आणि वाचता वाचता एका वाक्यात सांगून पुढं जा. शहरातल्या, म्हणजे राजारामपुरी-शाहूपुरीतल्या वर्गात वैरण, पेंडी, रवंथ सांगावं लागेल, गावाकडं पोरंच तुम्हाला सांगतील. ‘पदर खोचला’ मात्र सगळीकडं थांबून करून दाखवा, त्याच्यात गोष्टीची किल्ली आहे.

पहिला दिवस: नुसती गोष्ट

मुलांना जवळ बसवा, जमिनीवर, अर्धगोलात, सतरंजी असेल तर छानच. चाळीस मुलं असली तरी बाकांवरून हे होत नाही, मागच्या बाकावर आवाज पोचतो पण चेहरा पोचत नाही. पहिल्यांदा गोष्ट सलग वाचा, जास्तीत जास्त एक थांबा. आवाज बदला, आजीचं बोलणं आपल्या कोल्हापुरी ढंगातच येऊ द्या, ते प्रमाणभाषेत सुधारून वाचू नका. वाचून झाल्यावर काही विचारू नका. पाच-सात सेकंद गप्प बसा. काहीतरी येतंच, एखादं पोरगं नुसतं ‘आईऽ’ म्हणतं, एखादी विचारते परत वाचता का बाई. तेवढं पुरे.

दुसरा दिवस: आपलं डोकं उघडून दाखवायचं

हा सगळ्यात महत्त्वाचा दिवस. आज मुलांना नाही विचारायचं, आज आपण वाचताना मनात काय चालतं ते मोठ्यानं बोलून दाखवायचं. वाचते तेव्हा पुस्तक डोळ्यांसमोर, विचार बोलते तेव्हा पुस्तक मांडीवर ठेवून एक बोट कपाळाला लावते. ही खूण ठरवून घ्या आणि कायम तीच ठेवा, म्हणजे पुस्तकातलं कुठलं आणि बाईंच्या मनातलं कुठलं हे मुलांना वेगळं दिसतं.

दुसऱ्या थांब्यावर मी साधारण असं बोलते: “थांबा हं. आजी म्हणतेय माझे गुडघे दुखतात. बरं, म्हातारी आहे, दुखत असतील. पण मला एक खटकतंय. त्याच्या आधी काय वाचलं मी? पदर खोचला. माझी आई पदर कधी खोचते, काम करायचं असलं की. ज्याचे गुडघे दुखतात ते माणूस बसेल, आजी तर उभी आहे. आणि तो बोटवाला काय म्हणाला होता? जनावर नको. हां... म्हणजे मला वाटायला लागलंय की गुडघे हे कारण नाहीये. आजी चंद्रीला सोडून जायला तयार नाहीये. पुस्तकात हे कुठंच लिहिलेलं नाही, पण तीन खुणा आहेत.”

फळ्यावर दोन खाने आखलेले असतात, एकात ‘पुस्तक काय म्हणतं’ आणि दुसऱ्यात ‘मला काय माहीत आहे’. पहिल्यात पदर खोचला, उभी राहिली, जनावर नको. दुसऱ्यात पदर कामाला खोचतात, घरची म्हैस माणसासारखी असते. दोन्हींच्या खाली एक आडवी रेघ आणि तिच्याखाली ‘म्हणून मला वाटतं’. एवढाच तक्ता, वर्षभर हाच वापरा.

यात दोन चुका फार होतात. एक म्हणजे आपण विचार बोलायच्या ऐवजी समजावून सांगायला लागतो, “मुलांनो, इथं लेखिकेला असं सुचवायचं आहे की...”. हे व्याख्यान झालं. ‘मी’नं सुरू होणारं वाक्य पाहिजे, मला खटकलं, मला वाटलं, मी मागं जाऊन बघते. दुसरी म्हणजे आपण नेहमी बरोबरच असल्यासारखं बोलतो. अडखळूनही दाखवा. पहिल्या थांब्यावर मी म्हणते, “अंगण दिसेना? का दिसेना, अंधार आहे का? नाही, सकाळ झालीय. मला कळलं नाही, पुढचं वाक्य वाचते... अच्छा, पाणी भरलंय.” कळलं नाही हे ओळखायचं आणि मग एक वाक्य पुढं किंवा मागं जायचं, चांगले वाचणारे हेच करतात आणि मुलांना वाटतं हुशार माणसाला एका दमात सगळं कळतं.

तिसरा दिवस: मुलांच्या हातात

परत तीच गोष्ट, पण आज शेवटचे दोन थांबे मुलांचे. तिसऱ्या थांब्याला प्रश्न असा: आईला आजीचं खरं कारण कळलं होतं का? आधी शेजाऱ्याशी बोला, एक मिनिट, मग हात वर. जोडीनं बोलल्याशिवाय वर्गाला विचारू नका, नाहीतर नेहमीचे पाच हात वर येतात आणि बाकीचे सुटतात.

विचारल्यावर थांबा. मेरी बड रो या बाईंनी १९७० च्या दशकात वर्गातल्या शांततेचा वेळ मोजला होता, प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद थांबतात, आणि तो वेळ तीन सेकंदांवर नेला तरी उत्तरं लांब होतात, कधी न बोलणारी मुलं बोलतात. मी मनात पाच आकडे मोजते. ते पाच आकडे खूप मोठे वाटतात, तरी मोजा.

आणि उत्तर आलं की, बरोबर असो की चूक, चेहरा तसाच ठेवून एकच शब्द, कशावरून? ‘शाब्बास’ म्हटलं की बाकीच्यांचं डोकं बंद होतं, कारण उत्तर मिळालं. ‘नाही’ म्हटलं की ते पोर बंद होतं. ‘कशावरून’नं दोघंही परत गोष्टीत जातात. माझ्या वर्गात एकानं सांगितलं, “आज्जी खोटं बोलालीया.” कशावरून? “गुडघं दुखणारी बाई पदर कशाला खोचंल?” हे मी दिलेलंच होतं, तरी त्याच्या तोंडून आलं तेव्हा बरं वाटलं. मग आईबद्दल विचारलं तर एक मुलगी म्हणाली, आईला म्हाईत हुतं, न्हाईतर वैरण कशाला ठिवली असती, आज्जी काय वैरण खाती व्हय. ही खूण मी दाखवली नव्हती. ती तिची तिनं शोधली, आणि आपल्याला नेमकं हेच पाहिजे असतं.

मग रिकामी टोपली. इथं मुलं पहिल्यांदा म्हणतात आजीला भूक लागली होती. कशावरून? टोपली रिकामी आहे. चूक नाही, पण अर्धवट आहे, म्हणून मी फक्त एवढंच म्हणते, “अजून काही खूण सापडते का बघा, मी परत वाचते.” आणि दोन परिच्छेद परत वाचते. बहुतेक वेळा कुणीतरी पेंडीपाशी थांबवतं, एकच पेंडी हुती बाई, चार दिस म्हशीला पुरंल व्हय! मग सगळा वर्ग उसळतो, भाकरी चंद्रीला घातल्या. एखादा भिंतीवरची रेघ पकडतो, ओट्यावर पण पाणी आलं होतं म्हणजे आजी पाण्यात उभी होती. त्या क्षणी वर्ग गप्प होतो.

‘कशावरून’ला ‘मला वाटलं म्हणून’ असं उत्तर आलं तर सोडून देऊ नका, प्रेमानं पुस्तकाकडं न्या, “कुठल्या वाक्यावर वाटलं, मी वाचू का?” आणि ‘माझ्या आज्जीचं पण असंच’ म्हणून स्वतःची गोष्ट सुरू झाली तर ऐकून घ्या, मग विचारा की तुझ्या आज्जीमुळं तुला या आजीचं काय कळलं. नाहीतर तास जोतिबाच्या यात्रेपर्यंत जाऊन पोचतो.

बाकीच्या युक्त्यांबद्दल थोडक्यात

अंदाज घ्यायचा असेल तर दोन नियम, अंदाजाला खूण पाहिजे आणि पुढं वाचल्यावर तो बदलायची तयारी पाहिजे. चुकला याला महत्त्व नाही, बदलला का ते बघा. चित्र डोळ्यांसमोर आणायचं असेल तर डोळे मिटायला सांगा आणि नंतर पाटीवर चित्र काढून घ्या, वृंदावन कुठं, पाणी कुठपर्यंत. चित्रात पाणी पायरीच्या खालीच राहिलं तर कुठलं वाक्य निसटलं ते तुम्हाला लगेच कळतं.

सारांशासाठी मला सगळ्यात कामाला आलेली गोष्ट म्हणजे गैरहजर मुलं. काल जो आला नव्हता त्याला आज तीन वाक्यांत गोष्ट सांगायची. ज्यानं ऐकलंय त्याला परत सांगण्यात काय अर्थ, मुलं कंटाळतात, पण ज्याला खरंच माहीत नाही त्याला सांगताना काय ठेवायचं काय गाळायचं हा विचार आपोआप होतो. आपल्याकडं ऊसतोडीच्या हंगामात मधूनच नवीन मुलं वर्गात येतात, बीडकडची, बोली थोडी वेगळी. त्यांना आधीच्या गोष्टी सांगायचं काम वर्गाला द्या, आणि त्यांच्याकडच्या शब्दांना पण फळ्यावर जागा द्या.

चारही गोष्टी, म्हणजे अंदाज, प्रश्न, अडलेलं सोडवणं आणि थोडक्यात सांगणं, मुलांना वेगवेगळ्या जमायला लागल्या की चार-चारचे गट करून एकेकाला एकेक काम वाटून द्या. पॅलिंकसार आणि ब्राउन यांनी १९८४ साली मांडलेली पद्धत आहे ही. माझ्याकडं हे दिवाळीनंतरच सुरू होतं, त्याआधी घाई केली की गटात नुसता गोंधळ होतो.

गोष्टच नाही, माहितीही वाचा

हे फार शाळांत राहून जातं. पावसाळ्यात मी पेपरातली पंचगंगेच्या पातळीची बातमी वाचून दाखवते, कारण त्या दिवसांत घरोघरी तीच चर्चा असते. राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. समजा बातमीत ४० फूट ६ इंच आहे. मी थांबून बोलते, “इशारा तर ओलांडलाय, धोक्याला किती राहिलं? अडीच फूट.” मग पुढचं वाक्य, शहरात पावसाची उघडीप पण पातळीत वाढ. “हे मला कळलं नाही. पाऊस थांबला तर पाणी वाढतंय कसं?” इथं मुलांना सोडा. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती ही नावं नकाशावर दाखवा, त्या प्रवाहांचं पाणी प्रयाग चिखलीपाशी एकत्र येतं आणि मग खाली येतं, म्हणजे वर डोंगरात पडलेला पाऊस आपल्याकडं नंतर पोचतो. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले हे वाक्यही तेव्हाच अर्थपूर्ण होतं. माहितीच्या उताऱ्यात ‘कशावरून’च्या जोडीला ‘कशामुळं’ येतं एवढाच फरक.

नोंद कशी ठेवायची

पेपर काढू नका. एक शंभर पानी वही, रोज फक्त तीन मुलं ठरवायची आणि त्यांनी बोललेलं एक वाक्य तारखेसह जसंच्या तसं लिहायचं, बोलीसकट. पुढं एकच खूण: नुसतं उत्तर दिलं तर एक टिंब, पुस्तकातली एक खूण दाखवली तर दोन, दोन वेगळ्या ठिकाणच्या खुणा जोडल्या तर तीन. चाळीसच्या वर्गात तीन आठवड्यांत सगळ्यांची एकेक नोंद होते. केंद्रप्रमुख आले आणि आकलनाचा पुरावा मागितला तर मी ही वही पुढं करते.

सत्र संपता संपता ती वही मागून पुढं चाळा आणि ज्याच्या नावापुढं अजून एकच टिंब आहे त्याला पुढच्या सोमवारी सतरंजीवर तुमच्या अगदी शेजारी बसवा, पुस्तक दोघांच्या मांडीवर, आणि दुसऱ्या थांब्याला बोट कपाळाला लावायचं काम त्याला द्या.